चार जीबीची टोपी

आपल्याकडे लोक सोन्यावरचा हॉलमार्क भिंगातून बघतात, फ्लॅटचा कार्पेट एरिया फुटाफुटाने मोजतात आणि 60 हजारांचा कॉम्प्युटर मात्र डोळे मिटून घरी आणतात. वर पुन्हा "आपल्याला बुवा त्यातलं काही कळत नाही" असं चारचौघांत सांगतात, जणू ते घरंदाजपणाचं लक्षण आहे. पोराला गेम खेळायचा असतो, बापाला कॉम्प्युटर "अभ्यासासाठी" घ्यायचा असतो आणि दुकानदाराला पडून राहिलेला माल खपवायचा असतो. आपल्याला नक्की काय हवंय हे या तिघांपैकी फक्त दुकानदाराला ठाऊक असतं.

आमच्या सोसायटीतल्या अशा खरेदीची कोटेशनं माझ्याकडे बघायला येतात. येतात ती अर्थातच पैसे भरून झाल्यावर. परवाच्या एकावर लिहिलं होतं: आय-सेव्हन, 16 जीबी रॅम, 4 जीबी ग्राफिक्स, 1 टीबी, आरजीबी कॅबिनेट. खाली जाड अक्षरांत 'गेमिंग पीसी'. यातला 'गेमिंग' हा शब्द सोडला तर काहीच खोटं नव्हतं, आणि हेच या धंद्याचं कसब.

कुठला आय-सेव्हन? इंटेल हे नाव 2008 पासून विकते आहे. 2011 चा आय-सेव्हन 2600 आणि 2022 चा आय-थ्री 12100, दोघांनाही कोर चारच. पण हा स्वस्तातला धाकटा त्या थोरल्याला सहज लोळवतो. त्या सातापेक्षा त्याच्या पुढचे चार-पाच आकडे महत्त्वाचे, आणि कोटेशनवर नेमके तेच गाळलेले असतात. ऑफिसांतून मोडीत निघालेले प्रोसेसर काचेच्या चकचकीत कॅबिनेटमध्ये बसवले, चार रंगीत पंखे फिरवले, की गिऱ्हाईक खूश. यातले बरेचसे प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत बसत नाहीत आणि विंडोज 10 चा आधार मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2025 मध्ये काढून घेतला, हे दुकानात कोणी सांगत नाही. विचारतंही कोणी नाही.

पण खरा दरोडा पडतो तो ग्राफिक्स कार्डावर. फुल एचडी पडद्यावर 20 लाख 73 हजार 600 ठिपके असतात. गेमने सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर एका चित्राला साडेसोळा मिलिसेकंदांहून जरासाच जास्त वेळ मिळतो, आणि तेवढ्यात सगळे ठिपके रंगवून व्हावे लागतात. हे काम कार्डावरच्या चिपचं. मेमरी म्हणजे त्या चिपचं कोठार. कोठार भलंमोठं आणि दार मांजर जाईल एवढं, असं असेल तर आत किती पोती मावतात याला काही अर्थ राहत नाही. आपल्याकडे पोती मोजतात. दार कोणी बघत नाही.

त्या कोटेशनवरचं '4 जीबी ग्राफिक्स' म्हणजे जीटी 730 निघालं. हे कार्ड 2014 चं. त्याच्या 64-बिट, डीडीआर3 आवृत्तीत मेमरीतून सेकंदाला जेमतेम 14 जीबी माहितीची ये-जा होते. 2016 च्या जीटीएक्स 1050 टीआयलाही मेमरी 4 जीबीच, पण तिथे हाच आकडा 112 आहे. जवळजवळ आठपट फरक, आणि कोटेशनवर दोन्हीकडे 4 जीबीच. शिवाय जीटी 730 च्या त्या जुन्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर काढणं ही कार्डं काढणाऱ्या एनव्हिडियाने 2021 मध्येच थांबवलं. मी दुकानदाराला फोन केला. "साहेब, फोर जीबी कार्ड आहे, कुठलाही गेम ओपन होतो," तो म्हणाला. ओपन होतो, कबूल. पुढे चालतो का, याबद्दल त्याने शब्द दिलेला नव्हता.

ही विद्या त्या बिचाऱ्याने गल्लीत शोधून काढलेली नाही. ती वरून आलेली आहे. एनव्हिडियाने 2017 मध्ये जीटी 1030 काढलं, मेमरीचा वेग सेकंदाला 48 जीबी. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर4 मेमरीचं दुसरं कार्ड बाजारात सोडलं, वेग 17 जीबीच्याही खाली. 2022 मध्ये आरटीएक्स 4080 या एकाच नावाखाली दोन वेगळ्या चिपा जाहीर केल्या, एकीत 9728 कोर, दुसरीत 7680. बोंबाबोंब झाल्यावर दुसरं कार्ड मागे घेतलं आणि जानेवारी 2023 मध्ये 4070 टीआय असं बारसं करून परत आणलं. त्याआधी जीटीएक्स 970 च्या 4 जीबीतला शेवटचा अर्धा जीबी रखडत चालतो हे उघडकीला आलं, दावा झाला आणि अमेरिकेतल्या ग्राहकांना कार्डामागे 30 डॉलर देण्याची तडजोड झाली. आपल्या वाट्याला बातमी आली.

लॅपटॉपची कथा याहून निर्लज्ज. आरटीएक्स 4060 हे लॅपटॉपमधलं कार्ड 35 वॅटवरही चालवता येतं आणि 115 वॅटवरही. बाहेर स्टिकर एकच. किती वॅटचं आहे ते विचारलंत तर काउंटरवरचा पोरगा चार्जर उचलून दाखवतो.

एसएमपीएसबद्दल, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, तर बोलायचीच लाज वाटावी. "कॅबिनेटबरोबर फुकट आहे" हे ऐकून ज्यांचा चेहरा फुलतो, त्यांच्या घरातली वीज मात्र फुकट येत नाही. लेबलावर 450 वॅट छापलेले असतात. प्रोसेसर आणि कार्ड जेवतात ते मुख्यतः 12 व्होल्टच्या तारांवर. बाजूच्या बारीक तक्त्यात त्या तारांचे ॲम्पियर दिलेले असतात; त्यांना 12 ने गुणलं की खरी भाकरी किती ते कळतं. इयत्ता तिसरीचा गुणाकार आहे. पण दुकानात उभं राहून तो करायला संकोच वाटतो, दिव्यांचा रंग निवडायला वाटत नाही.

आणि व्हॅलोरंटसारखा हलका गेमच खेळायचा असेल तर वेगळं कार्ड लागतच नाही, हे कुठल्या दुकानात ऐकलंय? रायझन 5 5600जीसारख्या प्रोसेसरच्या पोटातलंच ग्राफिक्स पुरतं. अट एवढीच की 16 जीबी रॅम एका पट्टीत न घेता 8-8 च्या दोन पट्ट्यांत घ्या, कारण ते ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन पट्ट्यांनी रस्ता दुप्पट रुंद होतो. खर्च जवळपास तोच. पण त्यात दुकानदाराचं जुनं कार्ड खपत नाही.

समजा, एखाद्याने हे सगळं पारखून नीट घेतलं. तोही घरी येऊन मॉनिटरची एचडीएमआय वायर कार्डाच्या सॉकेटमध्ये न घालता वर मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये खुपसतो. प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स असलं की चित्र दिसतं, म्हणून शंकाही येत नाही. महागडं कार्ड आत बसून राहतं, गेम अडखळतो, आई म्हणते, "सांगत होते, नको म्हणून." मग दुकानातून मुलगा येतो, विंडोज फॉर्मॅट मारतो, 500 रुपये घेतो आणि वायर होती तिथेच पुन्हा घट्ट लावून जातो.