गर्व शून्याचा, वनवास गणिताचा

शून्याचा शोध भारताने लावला, हे वाक्य व्यासपीठांवरून ज्या अभिमानाने उच्चारले जाते, त्याचा शतांशही गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येत नाही. वसई-विरार परिसरात पदवीसाठी गणित घेणाऱ्या मुलाला ‘पुढे काय, मास्तर होणार?’ असे विचारले जाते. तोच मुलगा उन्हाळ्यात संशोधन करून पुढे परदेशी जाण्याचा बेत सांगू लागला की, ‘बुद्धी देशाची, लाभ परक्यांचा’ अशी हाकाटी सुरू होते. ज्यांनी त्याच्या एका उन्हाळ्याचीही चिंता वाहिली नाही, त्यांना हा जाब विचारण्याचा अधिकार कोणी दिला?

परदेशगमन हा द्रोह नव्हे. र. पु. परांजपे केंब्रिजला गेले, १८९९ मध्ये सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय ठरले आणि परतून फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. श्रीराम अभ्यंकर १९५१ मध्ये मुंबईची पदवी घेऊन हार्वर्डला गेले. पुढे पर्ड्यू विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. पण १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले ते त्यांनीच. मातृभूमीचे ऋण दूर राहूनही फेडता येते, ते असे.

उलट, जो घरी राहिला त्याचे समाजाने काय केले? दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या डहाणूचा. देवळालीत शाळाशिक्षक असताना त्यांनी ६१७४ या संख्येचे गुपित शोधले. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत जावे. शेवटी ६१७४ च हाती येते. या शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले ते १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील मासिकात लिहिल्यावर. तेव्हा कापरेकर सत्तरीचे होते!

अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी निधीतून उन्हाळी संशोधनाचे उपक्रम चालतात. तो निधी त्या देशाने आपले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी राखून ठेवला आहे. यात गैर काही नाही. यातून शिकण्यासारखे मात्र आहे. आपल्याकडेही सोय अगदीच नाही असे नव्हे. मुंबई विद्यापीठातील प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये गणिताचे उन्हाळी प्रशिक्षण सुरू केले. देशातील विज्ञान अकादम्या उन्हाळी अभ्यासवृत्ती देतात. १९४५ मध्ये स्थापन झालेली टाटा मूलभूत संशोधन संस्था कुलाब्यात आहे. विरारची लोकल चर्चगेटपर्यंत रोज धावते. परंतु हे विद्यार्थ्याला वेळेवर सांगणार कोण? उन्हाळ्याचे अर्ज थंडीतच भरावयाचे असतात. परीक्षा आटोपल्यावर जागे होणाऱ्या महाविद्यालयाचा विद्यार्थी मे महिन्यात घरीच बसणार.

विद्यापीठाची तऱ्हा तर सर्वश्रुत आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाचे निकाल इतके रखडले की, अखेर कुलगुरूंनाच पदावरून दूर करावे लागले. पण परदेशी प्रवेशाची मुदत कोणत्याही कुलगुरूसाठी थांबत नाही.

मार्गदर्शनाची ही पोकळी मग दलाल भरून काढतो. अमेरिकेतील बहुसंख्य विद्यापीठे गणिताच्या पीएच.डी.साठी शुल्क माफ करून अध्यापनाच्या मोबदल्यात वेतन देतात. केवळ पदव्युत्तर पदवीचा भार मात्र सहसा विद्यार्थ्यावरच पडतो. हा भेद न सांगता बापाला घर गहाण टाकावयास लावणारा आणि ‘देश सोडू नकोस’ असा कोरडा उपदेश करणारा, दोघेही त्या मुलाचे सारखेच अपराधी आहेत.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला तो जयघोषाच्या बळावर नव्हे. मोर्चे बांधून, सुरुंग पेरून, माणसे गमावून. त्या विजयाचा वारसा सांगणाऱ्या भूमीत प्रत्येक महाविद्यालयाने एका प्राध्यापकावर उन्हाळी संशोधनाची जबाबदारी सोपवावी आणि उत्सवाच्या कमानींवर नाव झळकविणाऱ्या एखाद्या दात्याने दोन विद्यार्थ्यांचा महिन्याभराचा खर्च उचलावा, ही मागणी फार मोठी आहे काय? ज्याला देशाने एक उन्हाळा दिला, तो परदेशी गेला तरी देश विसरणार नाही. ज्याला काहीच दिले नाही, त्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?