तुमची किती देते?

आमच्या यवतमाळास दोन फटफटीवाले भेटले, की क्षेमकुशलाआधी प्रश्न येतो : ‘तुमची किती देते हो?’ जणू दारात म्हैसच बांधली आहे! म्हशीसारखेच याही दुभत्याचे पुष्कळसे मालकाच्या हाती असते.

आमचे शेजारी आर्णी रस्त्यावर गाडी दामटतात आणि बोल लावतात पंपवाल्याला. पण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० चे ६० किलोमीटर केलेत, की तो सव्वादोन पट! गावात शिरले, की त्यांचा हात क्लचवरून हलत नाही. अर्धा दाबलेला क्लच घसरतो आणि पेट्रोलची नुसती ऊब होते. त्यात कापसाच्या दिवसांत शेतरस्त्यांची धूळ. कार्बुरेटरच्या जुन्या गाडीची हवेची जाळी कोंदली, की ती हवा कमी घेते आणि पेट्रोल जास्त पिते.

एक गोष्ट मात्र मालकाच्या माथी नको. २०२५ साली पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांवर गेले. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच.

आमच्या हिशेबाच्या वहीत पेट्रोलची ओळ दुधाच्या ओळीखालीच असते. महिनाअखेर तिच्यावर सौभाग्यवतीची लाल रेघ पडली, की मी आधी टायरांत हवा भरून घेतो. पंपवाल्याशी भांडण नंतर!