बोलगेरीचें तांबडें द्राक्षमद्य आणि तेथील ताट

परदेशी द्राक्षमद्यांसंबंधीं जें लिखाण अलीकडे पुष्कळ प्रसिद्ध होतें, त्यांत कोणत्या मद्याबरोबर कोणता पदार्थ खावा याचीं कोष्टकें हटकून असतात. हीं कोष्टकें बहुधा विकणाऱ्याच्या सोयीचीं असतात. पिकविणाऱ्याच्या दृष्टीनें त्यांत विचार केलेला क्वचितच दिसतो. वस्तुतः ताटांत काय येतें व पेल्यांत काय येतें हा प्रश्न प्रथम जमिनीचा आहे, मग जिभेचा. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं मद्य कधीं चाखलेंहि नसेल, आणि तें त्यांनीं चाखावें असा आमचा मुळींच आग्रह नाहीं. परंतु रोगट व निरुपयोगी म्हणून गणलेल्या एका किनाऱ्यानें दोन पिढ्यांत जगभर नांव कसें मिळविलें, आणि तें मिळवितांना आपल्या जुन्या अन्नाची काय वाट लाविली, हा विषय मद्य न पिणाऱ्या शेतकऱ्यासहि विचार करण्याजोगा आहे. आमचें मत आरंभींच सांगतों. बोलगेरीच्या मद्याची पारख मोठ्या शहरांतल्या लिलावांत न होतां तेथल्याच जेवणाच्या मेजावर व्हावी. आणि तें मेज भरणारीं पिकें द्राक्षवेलीनें हुसकून लाविलीं, तर तें मद्यहि पोरकें होईल.

बोलगेरी हें इटलींतील टस्कनी प्रांतांत, लिव्होर्नो जिल्ह्यांत, तिरेनियन समुद्रापासून कांहीं किलोमीटरांवर वसलेलें लहानसें खेडें. सान ग्वीदो येथून गांवापर्यंत सुमारें ५ किलोमीटर सरूच्या झाडांची दुतर्फा रांग गेली आहे. ज्यांचें बालपण या भागांत गेलें, ते कवि जोझुए कार्दुच्ची यांनीं या सरूंवर कविता केली. त्यांना १९०६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि पुढील सालीं कास्तान्येतो या मुख्य गांवास त्यांचें नांव जोडण्यांत आलें. या किनारपट्टीस मारेम्मा म्हणतात. शेंकडों वर्षें मारेम्मा म्हणजे दलदल आणि हिंवताप. उन्हाळा लागला कीं ज्याला शक्य असेल तो डोंगरावर जाई. खालीं राहत ते गुराखी व मजूर. टस्कनीच्या ड्यूकनें १८२८ सालापासून ग्रोस्सेतोकडे पाण्याचा निचरा करण्याचें मोठें काम आरंभिलें, तरी हिंवताप पुरता हटला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच. बोलगेरीच्या आसपासची जमीन गेरार्देस्का या सरदार घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या होती. तींत गहूं, ऑलिव्ह, पीचचीं झाडें, भाजीपाला व गुरें असा कारभार चाले. समुद्राजवळच्या द्राक्षाचें मद्य खारट लागतें असा समज असल्यामुळें तांबड्या मद्याचें नांव येथें कोणी काढीत नसे.

हा समज मोडला तो मारियो इंचिसा देल्ला रोक्केत्ता यांनीं. १८९९ सालीं जन्मलेल्या या गृहस्थानें १९३० सालीं गेरार्देस्का घराण्यांतील क्लारीचे हिच्याशीं विवाह केला, आणि तिच्याबरोबर सान ग्वीदोची जमीन त्याच्याकडे आली. घोड्यांचा त्याला मोठा नाद होता. १९५५ व १९५६ या दोन्ही सालीं पॅरिसची मोठी शर्यत जिंकणारा रिबो हा घोडा ज्या पागेचा, तिचा तो भागीदार. दुसरा नाद फ्रान्समधील बोर्दो येथील मद्याचा. पिसाजवळच्या मिल्यारीनो येथील एका जुन्या मळ्यांतून काबेर्ने सोव्हिन्यों जातीच्या काड्या आणून त्यानें १९४४ सालीं त्या लाविल्या. त्याहि समुद्रासमोर न लावतां सुमारें ३५० मीटर उंचीवर, आडोशाच्या उतारावर. पुढें त्यानें खालची खडकाळ, गोट्यांनीं भरलेली जमीन या जातीसाठीं निवडली. 'सास्सो' म्हणजे दगड. त्यावरून मद्याचें नांव सास्सिकाया पडलें.

येथें बागाइतदारानें क्षणभर थांबावें. ज्या जमिनींत नांगराचा फाळ गोट्यांवर वाजतो ती जमीन गव्हाला वाईट. पण वेलीला तेथें निचरा चांगला मिळतो, मुळें खोल जातात, मणी लहान राहतात आणि सालीचें प्रमाण रसाच्या मानानें वाढतें. वर्षाचा पाऊस सुमारें ६०० मिलिमीटर, उन्हाळा कोरडा, मागें डोंगरांची भिंत, समोरून समुद्राचा वारा. त्यामुळें घड कुजत नाहींत व रात्रीं उष्मा उतरतो. हें सर्व पूर्वींहि तेथें होतें. नव्हता तो फक्त धीर. पहिलें मद्य इतकें तुरट निघालें कीं आसपासच्या लोकांनीं नाक मुरडलें. मालकानें तें तळघरांत ठेवून दिलें, आणि वर्षें लोटलीं तसें तें निवळत गेलें. १९६७ पर्यंत तें घरच्यापुरतें होतें. १९६८ च्या हंगामाचें मद्य १९७१ मध्यें प्रथम बाजारांत आलें. त्याला वळण लावण्याचें काम जाकोमो ताकीस या मद्यशास्त्रज्ञानें केलें. १९७८ सालीं लंडन येथें अनेक देशांच्या काबेर्ने मद्यांची परीक्षा झाली, तींत सास्सिकायाच्या १९७२ च्या मद्यास पहिला मान मिळाला.

आतां कायद्याची गोष्ट ऐका. इटलींत ज्या त्या प्रदेशाच्या नांवानें मद्य विकावयाचें तर त्या प्रदेशासाठीं ठरवून दिलेल्या जाती लावाव्या लागतात. बोलगेरीस १९८३ सालीं असें प्रदेशनाम मिळालें, पण तें पांढऱ्या व गुलाबी मद्यापुरतेंच! लंडनमध्यें मान मिळवून पांच वर्षें झालेलें तांबडें मद्य कायद्याच्या लेखीं साधें मेजावरचें मद्यच राहिलें. तांबड्यास जागा मिळाली ती १९९४ सालीं. नियम पिकाच्या मागून यावे, पुढून नव्हे, हें या उदाहरणावरून दिसतें. परंतु पुढचा भाग आम्हांस तितका पसंत नाहीं. २०१३ सालीं सास्सिकाया हें स्वतंत्र प्रदेशनाम ठरविण्यांत आलें, आणि तें एकाच मालकाच्या मळ्यापुरतें आहे. त्या घराण्याचे श्रम थोर आहेत, याबद्दल वाद नाहीं. तथापि प्रदेशाचें नांव ही सर्व पिकविणाऱ्यांची समायिक मिळकत असते. तिचा तुकडा काढून एकाला देण्याची चाल एकदां पडली कीं लहान खातेदाराच्या हातीं काय उरेल, याचा विचार व्हावयास हवा होता.

असो. आपण ताटाकडे वळूं, कारण या मद्याचा खुलासा तेथेंच होतो.

काबेर्नेच्या सालींत व बियांत टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य पुष्कळ असतें. तें लाळेंतील प्रथिनांशीं संयोग पावतें, म्हणून कच्चें जांभूळ खाल्ल्याप्रमाणें जीभ कोरडी पडते. तोंडांत मांसाचा रस व चरबी असली म्हणजे तें तिकडे गुंततें व मद्य मऊ लागतें; उलट चरबीचा ओशटपणा मद्यानें धुऊन निघतो. या एका गोष्टीवर मारेम्माचें सारें ताट उभें आहे असें म्हटलें तरी चालेल. तेथला मानाचा पदार्थ रानडुकराचा. मांस रात्रभर तांबड्या मद्यांत, कांदा, गाजर, तमालाच्या जातीचीं पानें व रोझमेरी घालून मुरत ठेवितात, दुसऱ्या दिवशीं टोमॅटोबरोबर मंद आंचेवर तीन-चार तास शिजवितात, आणि गव्हाच्या पिठाच्या बोटभर रुंद पट्ट्यांवर वाढतात. या पट्ट्यांना पाप्पार्देल्ले म्हणतात. कोणी त्यांत काळीं ऑलिव्ह घालतात. हा पदार्थ केवळ चवीचा नाहीं, हिशेबाचाहि आहे. रानडुकरें घड पिकूं लागले कीं कुंपण मोडून मळ्यांत शिरतात. रानालगत शेती असणाऱ्या आमच्या वाचकांस हें दुःख निराळें सांगावयास नको. ज्यानें द्राक्षें खाल्लीं त्याला द्राक्षाच्याच रसांत शिजविण्यांत शेतकऱ्याला जो संतोष होत असेल तो कोणत्याहि कोष्टकांत सांपडणार नाहीं.

दुसरा मान गोमांसाचा. मारेम्माचीं करड्या रंगाचीं, लांब शिंगांचीं गुरें व त्यांना घोड्यावरून हांकणारे बुत्तेरी नांवाचे गुराखी प्रसिद्ध आहेत. जाड कापलेला तुकडा निखाऱ्यावर भाजून, आंत तांबडा ठेवून, वर मीठ व ऑलिव्हचें तेल घालतात. त्याच्याशेजारीं शिजविलेल्या पांढऱ्या घेवड्याचे दाणे. टस्कनीची भाकरी अळणी असते, ही लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट आहे. मीठ, चरबी व तुरटपणा यांची कामें निरनिराळ्या पदार्थांनीं वांटून घेतलेलीं असल्यामुळें भाकरीनें मध्यें पडण्याचें कारण नसतें.

समुद्रकांठ म्हटल्यावर मासे आलेच, आणि कोष्टकें येथें हटकून चुकतात. माशाबरोबर तांबडें मद्य घेऊं नये हा नियम सर्वस्वी खोटा नाहीं. मद्यांत लोह अधिक असल्यास माशांतील स्निग्धांशाशीं त्याची क्रिया होऊन तोंडांत हिंवस वास मागें राहतो, असें जपानांत २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसून आलें आहे. पण लिव्होर्नोच्या कोळ्यांचा काचुक्को पहा. बाजारांत न खपलेले खडकांतले मासे, ऑक्टोपस व माकूळ हे लसूण, टोमॅटो, थोडी मिरची व तांबडें मद्य घालून शिजवितात आणि लसूण चोळलेल्या भाजक्या भाकरीवर ओततात. त्याबरोबर तांबडेंच मद्य पितात. मात्र कोवळें, कमी तुरट, किंचित् थंड केलेलें. बोलगेरीचें साधें तांबडें मद्य हंगामानंतरच्या वर्षीं १ सप्टेंबरपासून विकावयास मोकळें असतें, तें या कामास योग्य. सुपीरिओरे म्हणून जें वरच्या प्रतीचें, दोन वर्षें राखलेलें व त्यांपैकीं एक वर्ष ओकच्या पिंपांत मुरलेलें, तें काचुक्कोवर ओतणें म्हणजे दोहोंचा नाश. तिखटाचें तसेंच आहे. मद्यार्क व तुरटपणा दोन्ही मिरचीचा दाह वाढवितात. म्हणून असलें भारी मद्य आपल्या तांबड्या रश्श्याशेजारीं मांडून प्रतिष्ठा मिरविणें व्यर्थ होय. नाशिककडे काबेर्ने व सिराह लावणाऱ्या बागाइतदारांनीं हें लक्षांत घ्यावें. तेथील वेल हिंवाळ्यांत झोंपत नाहीं, तिची वर्षांतून दोनदां छाटणी होते, घड फेब्रुवारीच्या सुमारास उतरतात. तिचें मद्य निराळें, आणि त्याला ताटहि घरचेंच शोधलें पाहिजे. फ्रेंच किंवा इटालियन ताट उसनें आणून तें जुळणार नाहीं.

राहिलें तें मेंढीच्या दुधाचें पेकोरीनो चीज. महिनोगणती मुरलेलें, खारट, कणीदार पेकोरीनो आणि जुनें तांबडें मद्य यांची जोडी उत्तम. इटलींत एक म्हण आहे: चीजबरोबर नासपती किती गोड लागते हें शेतकऱ्याला कळूं देऊं नका. ही म्हण कोणाच्या घरांत जन्मली असेल तें ओळखणें कठीण नाहीं. चीज करणारा शेतकरी, नासपती पिकविणाराहि तोच. दोहोंची जोडी मात्र धन्याच्या मेजावर. बोलगेरीविषयीं आम्हांस वाटणारी चिंता हीच आहे. सास्सिकायाची बाटली आज शेंकडों युरोंस जाते. ऑर्नेल्लाया व मास्सेतो यांची कीर्तीहि तशीच. ज्या मजुरानें घड तोडले तो ती बाटली रानडुकराच्या रश्श्यापुढें उघडील काय? तो आक्वाकोत्ता खाईल, म्हणजे कांदा, टोमॅटो व शिळी भाकरी यांचें पाणी, वर एक अंडें; आणि त्याबरोबर स्वस्त सांजोव्हेजे पिईल. तें जेवणहि उत्तमच असतें, हा भाग निराळा.

कास्तान्येतो कार्दुच्ची या एकाच गांवाच्या हद्दींत, आउरेलिया या जुन्या रोमन रस्त्याच्या पूर्वेस, आज बाराशे हेक्टरांहून अधिक द्राक्षमळे आहेत. बाहेरचे धनवान उत्पादक जमिनी घेण्यास आले, भाव चढले, आणि ज्यांत पीच, गहूं किंवा भाजी होती तीं शेतें वेलीखालीं गेलीं. शेतकऱ्याला अधिक भाव देणारें पीक त्यानें घेऊं नये असें कोण म्हणेल? आम्ही तरी म्हणणार नाहीं. परंतु जानेवारी १९८५ च्या कडाक्याच्या थंडींत टस्कनींतील ऑलिव्हचीं असंख्य झाडें मेलीं, त्या वेळीं निरनिराळीं पिकें राखणाराच तगला. एका पिकाचा प्रदेश एका रात्रींत उघडा पडूं शकतो.

बोलगेरीच्या नियमांत हेक्टरीं किती द्राक्ष घ्यावें हें लिहिलेलें आहे: साध्या तांबड्यास ९ टन, सुपीरिओरेस ८ टन. मद्य किती महिने राखावें हेंहि लिहिलेलें आहे. तेथील उत्पादकांच्या संघानें त्यांत आणखी एक कलम घालावें, असें आम्ही सुचवूं. ज्या मळ्याला बोलगेरीचें नांव हवें, त्यानें आपल्या जमिनीचा कांहीं हिस्सा ऑलिव्ह, धान्य, घेवडा किंवा मेंढ्यांची चराई यांसाठीं राखावा, आणि त्या हिश्श्याचें उत्पन्न त्याच नांवानें, त्याच दुकानांत, बाटलीशेजारीं विकलें जावें. बाटलीच्या चिठ्ठीवर कोणता पदार्थ बरोबर खावा हें छापतातच. तो पदार्थ कोणाच्या शेतांतला, तेंहि छापावें.