लेखक: रेघ, नाव: हिरवे कव्हर

ज्या पुस्तकाची नोंद ग्रंथालयात नीट झालेली नाही, ते पुस्तक त्या ग्रंथालयात नाही. कपाटात असेल, त्यावर शिक्का असेल, दाखल क्रमांक असेल, अनुदानासाठी पुस्तकसंख्या मोजताना ते धरलंही जात असेल. वाचकाच्या लेखी ते नाही. अरबी लिपीतली पुस्तकं आणि इस्लामविषयीची पुस्तकं आमच्या सार्वजनिक ग्रंथालयांत अशीच बेपत्ता पडून आहेत. अज्ञानामुळे असं होतं, ही सबब मला मान्य नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा आहे. इतकी वर्षं जपलेलं अज्ञान म्हणजे बेपर्वाई, आणि तिला तोंडावर बेपर्वाई म्हणायला हवं.

मी सोनाळ्याचा. सातपुड्याच्या पायथ्याला, संग्रामपूर तालुक्यातलं हे गाव. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या माझ्या एका मित्राला युनानी औषधांवरचं एक जुनं पुस्तक हवं होतं. आमच्या भागातल्या एका वाचनालयाला ते कुणीतरी दान दिल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. आम्ही दोघं तिथे गेलो आणि दाखल नोंदवही मागितली. लेखकाच्या रकान्यात आडवी रेघ. पुस्तकाच्या नावाच्या रकान्यात 'उर्दू पुस्तक (हिरवे कव्हर)'. प्रकाशक, रेघ. साल, रेघ. शेरा: 'मुस्लिम धार्मिक'. खालच्या ओळीत 'उर्दू पुस्तक (मोठे)' आणि पुढे सगळीकडे 'वरीलप्रमाणे'. ग्रंथपाल पोरगा सज्जन होता. म्हणाला, "ते उर्दूतलं हाये भाऊ, आपल्याले काय समजते त्यातलं? धर्माचं असन म्हणून वरच्या खणात ठेवलं."

पुस्तक खाली काढलं. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं हे कुणी सांगितलेलं नसल्यामुळे शिक्का आणि दाखल क्रमांक शेवटच्या पानावर, आणि पाठीवरची चिठ्ठी उलटी. मित्रानं पहिलं पान वाचलं, मग अनुक्रमणिका वाचली. बनफ्शा, उन्नाब, ज्येष्ठमध, काढ्यांची प्रमाणं, पडशावर काय, मुतखड्यावर काय. आम्ही शोधत होतो तेच पुस्तक. वैद्यकाचा हा ग्रंथ निव्वळ लिपीमुळे धर्मग्रंथ ठरला होता आणि धर्मग्रंथ ठरल्यामुळे 'उगाच हात कशाला लावा' म्हणून वर चढवून ठेवला होता. ज्याला पुस्तक हवं होतं तो माणूस त्याच परिसरात राहत होता, उर्दू वाचत होता. नोंदवहीनं त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

लिपी पाहून धर्म ठरवण्याची ही खोड एका वाचनालयापुरती नाही, आणि तिची उलटी बाजूही तितकीच वाईट आहे. कृष्णचंदर, राजिंदरसिंह बेदी हे उर्दूचे थोर कथाकार. त्यांचं मूळ पुस्तक हाती आलं तर ते कथेच्या कपाटात जाईल याची मला खात्री नाही. इकडे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. तो वारकऱ्यांच्या आणि योगमार्गाच्या परिभाषेत बोलणारा ग्रंथ आहे, त्याची जागा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या शेजारी आहे. कवीचं नाव पाहून त्याला 'मुस्लिम' शेऱ्याखाली टाकणं म्हणजे मराठी संतसाहित्यातून त्याला हाकलणं आहे. हमीद दलवाईंची 'इंधन' ही 1965 ची कादंबरी आहे. ती कादंबरीच्या कपाटातच पाहिजे. लेखकाच्या जन्मधर्मावरून तिला दुसरीकडे नेणारा हात माझ्या लेखी वाङ्मयाचा गुन्हेगार आहे.

नोंदीच्या चुकीनं प्रत्यक्ष बिघडतं काय, असं मला पुष्कळजण विचारतात. बिघडतं ते असं. नाव नाही म्हणून पुस्तक कुणी मागत नाही. मागत नाही म्हणून देवघेवीच्या नोंदीत ते कधी येत नाही. देवघेव शून्य म्हणून ते 'वाचकांना अनुपयुक्त' ठरतं. मग जागा अपुरी पडते, निर्लेखनाची, म्हणजे काढून टाकायच्या पुस्तकांची, यादी निघते, आणि यादीत सगळ्यात आधी कोण बसतं? हिरवे कव्हर. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत ठराव होतो, पुस्तक रद्दीत जातं, आणि काय गेलं हे कुणालाच कळत नाही, कारण काय होतं हेच कधी लिहिलेलं नव्हतं. ग्रंथ जाळणाऱ्याचं नाव तरी इतिहासात राहतं. इथे एक आडवी रेघ पुरते, आणि रेघ मारणाऱ्यावर कसलाच ठपका येत नाही.

मोठ्या ग्रंथालयांत रेघेच्या जागी आकडे असतात, पण समज तिथेही थिटीच. मेल्विल ड्यूईनं 1876 मध्ये दशांश वर्गीकरण काढलं, तेव्हा धर्माच्या 200 या वर्गातले 220 ते 289 हे आकडे बायबल आणि ख्रिस्ती धर्मासाठी ठेवले. उरलेल्या जगाला 290 चं एक घर. हिंदू, बौद्ध, जैन, शीख सगळे 294 मध्ये, इस्लाम 297 मध्ये. ही वाटणी अन्यायाची आहे हे आपल्याकडच्या जाणकारांनी ओळखलं. एस. आर. रंगनाथन यांनी 1933 मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केलं आणि त्यात धर्मांची मांडणी वैदिक धर्मापासून सुरू केली. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात हे अभिमानानं शिकवलं जातं. शिकवावंच. पण 294 मध्ये कोंबल्याचा ज्यांना राग येतो, त्यांना तीन आकडे पुढच्या 297 मधली कोंबाकोंबी दिसत नाही, याचा मला जास्त राग येतो. आणि ड्यूईनं दिलेली कोंदट जागासुद्धा आपण पुरती वापरलेली नाही. त्या आकड्यात दशांश चिन्हानंतर कुराणाला, हदीसला, सूफी पंथाला स्वतंत्र खण आहेत. आपण 297 लिहून पेन खाली ठेवतो. कुराणाचा मराठी अनुवाद, सेतुमाधवराव पगडींचं सूफी संप्रदायावरचं पुस्तक, मुस्लिम कायद्यावरचं पाठ्यपुस्तक आणि मोहरमवरची पुस्तिका, सगळ्यांना एकच आकडा. साहित्यात आणखी वेगळा प्रकार. मराठीला ड्यूईच्या पद्धतीत 891.46 हा आकडा मिळाला, उर्दूला हिंदीच्या पोटात 891.439. गालिबला हिंदीचा उपविभाग समजणारी ही मांडणी आपल्या देशातल्या ग्रंथपालांनी निमूटपणे चिकटवत राहावी, याचं मला वैषम्य वाटतं.

नावांची दैना तर विचारू नका. आपला तालेख, म्हणजे ग्रंथालयातली पुस्तकसूची, आडनावावर चालतो: आडनाव आधी, स्वल्पविराम, मग नाव. जुन्या अरबी नावाला आडनाव नसतं. त्यात माणसाचं नाव असतं, बापाचं असतं, मुलावरून पडलेलं 'अबू अमुक' असतं, गावावरून पडलेलं असतं, किताब असतो. यातलं जगाला माहीत असलेलं अंग कोणतं, हे ठरवून त्याखाली मुख्य नोंद करायची आणि बाकीच्या रूपांखाली 'पाहा' अशी सूचना द्यायची, हा नियम आहे आणि तो अवघड नाही. अल बेरूनी 'ब' खाली यायला हवा, कारण 'अल' हे नुसतं उपपद आहे. एका मोठ्या शहरातल्या ग्रंथालयात मी त्याचं भारतावरचं पुस्तक शोधलं. 'अ' मध्ये नाही, 'ब' मध्ये नाही. मिळालं ते 'स' मध्ये, कारण इंग्रजी अनुवाद करणाऱ्या सखाऊचं नाव तेवढं लिहिणाऱ्याला आडनावासारखं दिसलं. वर्ग इस्लाम. हजार वर्षांपूर्वी ज्या माणसानं संस्कृत शिकून हिंदूंचं तत्त्वज्ञान, ज्योतिष, कालगणना आणि चालीरीती यांवर ग्रंथ लिहिला, त्याचा ग्रंथ भारतविद्येच्या अभ्यासकाला सापडणार नाही अशा जागी आपण ठेवला.

संगणक आला की हे सुटेल म्हणणाऱ्यांनी एकदा शोधखिडकीत टंकून पाहावं. कुराण, कुरआन, कुर्आन अशी तीन रूपं मराठीत चालतात. एका रूपाखाली नोंदलेलं पुस्तक दुसऱ्या रूपानं शोधलं तर निघत नाही, कारण तिन्ही रूपं एकमेकांना जोडायचं काम यंत्र आपण होऊन करत नाही. मूळ लिपीतही तेच. यूनिकोडमध्ये अरबी काफ आणि उर्दू काफ यांना वेगळे संकेत आहेत, 'ये' चंही तसंच. डोळ्याला अक्षर तेच दिसतं, यंत्राला ते परकं. कोहासारखी ग्रंथालयांसाठीची संगणक प्रणाली फुकट मिळते, ती अरबी लिपी पेलते. पण नोंद करणाऱ्याला हा फरक माहीत नसेल, तर यंत्राच्या पोटातही हिरवे कव्हरच साठणार.

आणि हे आपण कुणाच्या पुस्तकांशी करतो आहोत? बगदादमध्ये ग्रंथव्यवसायातच वाढलेल्या इब्न अन-नदीमनं इसवी सन 987 च्या सुमारास 'अल-फिहरिस्त' रचला. अरबीत उपलब्ध असलेल्या ग्रंथांची ती सूची, दहा प्रकरणांची. लेखक कोण, त्यानं आणखी काय लिहिलं, अनुवाद कुणी केला, हे तो जिव्हाळ्यानं नोंदवतो. त्याच्या नवव्या प्रकरणात भारतातल्या पंथांनाही जागा आहे. सतराव्या शतकात इस्तंबूलच्या हाजी खलिफानं चौदा हजारांहून अधिक ग्रंथांची सूची केली. सूचीशास्त्रात ज्यांची एवढी पुण्याई, त्या परंपरेचं पुस्तक आपल्या हाती पडतं तेव्हा आपण कव्हरचा रंग लिहितो. मला याची शरम वाटते, आणि ती ज्यांना वाटत नाही त्यांनी ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर बसू नये.

हे सगळं परक्यांचं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणणाऱ्यानं आमच्याकडे यावं. सोनाळ्याच्या पूर्वेला याच सातपुड्यात नरनाळ्याचा किल्ला आहे. त्याचा महाकाली दरवाजा 1487 चा, फत्हुल्ला इमादुल्मुल्कानं बांधलेला, आणि त्यावर अरबी लिपीतला लेख कोरलेला आहे. वऱ्हाडचा इतिहास त्या लिपीला वळसा घालून लिहिताच येत नाही. मराठ्यांचाही नाही. पेशवाईच्या मोडी कागदांवरचा सुहूर सन अरबी संख्यावाचकांत लिहिलेला असतो. पानिपतचं युद्ध झालं तो सन 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: 1161. त्यात 600 मिळवले की जानेवारी 1761 हाती येतो. एवढी अरबी ज्याला येत नाही, त्याला मराठी कागदाची तारीख लावता येत नाही. ग. ह. खरे यांनी फारसी शिकून 'ऐतिहासिक फारसी साहित्य' चे खंड भारत इतिहास संशोधक मंडळासाठी संपादित केले, ते मराठ्यांच्या इतिहासासाठीच.

आणि हे काम होत नाही असंही नाही. एडवर्ड रेहात्सेक या हंगेरियन पंडितानं मुंबईच्या मुल्ला फिरोज ग्रंथालयातल्या अरबी, फारसी, तुर्की हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची 1873 मध्ये छापली. मुंबई विद्यापीठाच्या संग्रहाची तशी सूची शेख अब्दुल कादर सरफराज यांनी 1935 मध्ये दिली. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली. ग्रंथ प्रत्यक्ष हातात घेऊन नोंद करायची ही शिस्त महाराष्ट्राला ठाऊक होती. ती तालुक्याच्या वाचनालयापर्यंत पोचवायचं काम कुणी केलं नाही.

दोष त्या ग्रंथपाल पोराचा नाही. तुटपुंज्या मानधनावर तो सकाळ-संध्याकाळ दार उघडतो, वर्तमानपत्रं लावतो, झाडूही मारतो. दोष प्रशिक्षण आखणाऱ्यांचा आहे आणि तपासणीत फक्त बेरीज पाहणाऱ्यांचा आहे. 'वाचतं कोण?' हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. बुलढाणा-अकोल्याच्या उर्दू शाळांत जी पोरं शिकतात, ती मराठीही वाचतात आणि उर्दूही. राज्यात दोन लिप्या येणारा एवढा तरुण वाचक दुसरा कुठे सापडणार? त्याला वाचनालयात बोलावणारी एक ओळ आपण लिहिलेली नाही आणि वर विचारतो, वाचतं कोण.

माझ्या मागण्या अगदी लहान आहेत. ग्रंथपालन प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात अरबी नावांच्या नोंदीवर एक धडा घाला आणि त्यावर परीक्षेत सक्तीचा प्रश्न ठेवा. अशा प्रत्येक पुस्तकाची नोंद मूळ लिपीत, देवनागरीत, आणि पुस्तक कशाविषयी आहे त्याची मराठीत एक ओळ, अशी करा. जवळच्या उर्दू शाळेतल्या गुरुजींना या कामाचं रीतसर मानधन द्या. माझ्या मित्रानं त्या वाचनालयातला वरचा खण एका दुपारी वाचून काढला, म्हणजे काम डोंगराएवढं नाही. आणि ते होईपर्यंत एक आदेश आजच काढा: ज्या पुस्तकाचं नाव आणि लेखक दाखल नोंदवहीत नाही, ते निर्लेखनाच्या कोणत्याही यादीत घालता येणार नाही.