पाळणाघराचा खर्च कोणाच्या खाती?

लहान मूल असलेल्या शहरी मध्यमवर्गीय कुटुंबात आई-वडिलांपैकी एकाने नोकरी सोडून घरी राहणे परवडेल काय, या प्रश्नाचा निकाल बहुधा एका वजाबाकीने लावला जातो, आणि ती वजाबाकी जवळजवळ नेहमीच आईच्या पगारातून होते. पुण्याच्या वाकड-रावेत भागातील एखाद्या जोडप्याचा हिशेब उदाहरणादाखल घेतला, तर तिच्या हाती पडणाऱ्या 35 हजारांतून पाळणाघराचे 12 हजार, जाण्यायेण्याचे 4 हजार आणि पोळ्यांच्या बाईंचे 3 हजार वजा होऊन 16 हजार उरतात, आणि ‘एवढ्यासाठी कशाला ही ओढाताण?’ असे घरातले कोणीतरी, बहुधा ज्याची स्वतःची ओढाताण होत नसते ते, बोलून जाते.

आकडेमोड बरोबर असते; मांडणी चुकलेली असते. पाळणाघर लागते ते दोघेही कामावर जातात म्हणून, तेव्हा तो खर्च दोघांच्या पगारांत विभागला जायला हवा. पोळ्यांच्या बाई तर मूल होण्याआधीपासून येत असतात, आणि पोळ्या वडीलही खातात.

शिवाय हाती पडणारा पगार म्हणजे संपूर्ण मिळकत नव्हे. मूळ वेतन 20 हजार धरले, तर भविष्य निर्वाह निधीसाठी कर्मचाऱ्याचे 12 टक्के आणि मालकाचे तेवढेच, असे दरमहा 4,800 रुपये तिच्या नावे जमा होत असतात आणि त्यांतील मालकाच्या वाट्याचे 1,250 रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात. त्या योजनेत एकूण पात्र सेवा 10 वर्षे भरली नाही, तर मासिक निवृत्तिवेतनाचा हक्कच उत्पन्न होत नाही. ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी 15 दिवसांच्या वेतनाइतकी मिळणारी रक्कम, नियमित कर्मचाऱ्याला सर्वसाधारणपणे सलग 5 वर्षांनंतर लागू होते, त्यामुळे चौथ्या वर्षी दिलेला राजीनामा तीही घालवतो. एक पर्याय निवडल्यामुळे हातून सुटलेल्या दुसऱ्या पर्यायाच्या मोलाला अर्थशास्त्रात संधी-व्यय म्हणतात; नोकरीच्या बाबतीत हा व्यय पहिल्या वर्षी फारसा जाणवत नाही, तर मूल शाळेत रुळल्यावर, पुन्हा अर्ज करताना, खालच्या पायरीवरून सुरुवात करावी लागते तेव्हा जाणवतो.

आयकराचीही यात मोठी भूमिका आहे, कारण आपल्याकडे पगारावरचा कर पती-पत्नींच्या एकत्रित मिळकतीवर नव्हे, तर प्रत्येकाच्या मिळकतीवर स्वतंत्रपणे आकारला जातो. आर्थिक वर्ष 2025-26 च्या नव्या कररचनेत प्रत्येकी 12 लाख कमावणाऱ्या दोघांना काहीही कर लागत नाही. तेवढेच 24 लाख एकट्याने कमावले, तर प्रमाणित वजावट धरूनही उपकरासह 2,92,500 रुपये भरावे लागतात.

याचा अर्थ घरी राहणाऱ्या पालकाचे काम मोलाचे नसते असा मुळीच नाही. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यासाठी जाणारा वेळ दिवसाला सरासरी 289 मिनिटे, तर पुरुषांचा 88 मिनिटे नोंदला गेला. या श्रमाची किंमत पैशांत सांगण्याची वेळ येते ती बहुधा न्यायालयात आणि तीही मृत्यूनंतर: जमशेदपूर येथील 1989 च्या आगीतील मृतांच्या भरपाईबाबत 2001 मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवांचे मोल दरमहा 3,000 रुपये धरले होते. आज एवढ्यात पोळ्यांच्या बाईही जेमतेम मिळतील. आणि जिथे आजी गावाहून येऊन नातवंड सांभाळते, तिथे तिच्या दिवसाची नोंद तर कोणत्याच वहीत नसते.

निवड करण्याइतकी मोकळीक मुळात किती जणांना उरते, हा प्रश्न मात्र वेगळाच आहे. फ्लॅटसाठी बँकेकडे जाताना पती-पत्नी दोघेही सहकर्जदार असतात, म्हणजे परतफेडीची जबाबदारी दोघांवर सारखीच असते, आणि कर्जाची मर्यादा दोघांच्या पगारांची बेरीज करून ठरते. कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी मिळणारी 26 आठवड्यांची प्रसूती रजा संपत येते, घरात नोकरी सोडण्याचा विषय निघतो, तेव्हा 20 वर्षांच्या त्या कर्जाच्या 240 हप्त्यांपैकी तीसेक फिटलेले असतात आणि पुढचा हप्ता 5 तारखेला जायचा असतो.