कर्करोगानंतरची हातसूज : विश्रांती नव्हे, बेताचा व्यायाम

चाकूर, खास प्रतिनिधी

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन पार पडले की रुग्ण बरी झाली, असे घरचे मानतात. मात्र काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्याच बाजूचा हात जड होतो. बांगड्या रुततात, पोलक्याची बाही दाटते. ‘या हाताने आता काही उचलू नकोस’ असे बजावले जाते. लातूर-नांदेड रस्त्यावरील चाकूर तालुक्यात सोयाबीनची कापणी, खुरपणी आणि घरचे पाणी स्त्रीच्याच हातावर चालते. तेथे या सल्ल्याचा अर्थ मजुरी बुडणे असाच होतो. म्हणूनच हा सल्ला कितपत योग्य आहे, हे तपासणे गरजेचे आहे.

या सुजेला लिम्फेडीमा म्हणतात. काखेतील लसिकाग्रंथी काढल्यामुळे अथवा रेडिएशनमुळे लसिकाद्रवाचा मार्ग खुंटतो आणि प्रथिनयुक्त द्रव हातात साचतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार काखेतील ग्रंथी सरसकट काढल्यास पाचपैकी सुमारे एका स्त्रीला ही सूज येते. निवडक ‘सेंटिनल’ ग्रंथीच काढल्यास हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास राहते. भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा जागतिक संस्थांचा अंदाज आहे. त्यामुळे हा प्रश्न मूठभर स्त्रियांचा नाही.

वजन उचलण्याची भीती अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कॅथरीन श्मिट्झ यांच्या संशोधनाने खोटी ठरवली. हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास. त्यातील निम्म्या स्त्रियांनी वर्षभर, आठवड्यातून दोनदा वजने उचलली. त्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही. उलट आजार बळावण्याचे प्रमाण त्यांच्यात १४ टक्के, तर व्यायाम न करणाऱ्यांत २९ टक्के होते. मात्र सुरुवात अगदी हलक्या वजनाने, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आणि हातावर दाब देणारी बाही चढवूनच झाली होती. एकदम भरलेली घागर उचलणे हा व्यायाम नव्हे.

वजन घटवण्याचे चित्र इतके सरळ नाही. स्थूलपणामुळे या सुजेचा धोका वाढतो, हे निर्विवाद आहे. २००७ मधील ब्रिटनच्या एका छोट्या अभ्यासात वजन घटल्यावर सूजही उतरली होती. परंतु २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ३५१ स्त्रियांच्या मोठ्या चाचणीत शरीराचे वजन सरासरी सात-आठ टक्क्यांनी घटूनही सुजेत लक्षणीय फरक पडला नाही. हृदय, मधुमेह व गुडघ्यांसाठी वजन आटोक्यात ठेवणे हिताचेच; पण ‘वजन कमी केले नाही म्हणून हात सुजला’ असा ठपका रुग्णावर ठेवणे अन्यायाचे ठरेल.

खरी अडचण पुढच्या टप्प्याची आहे. जुलै २०१२ मध्ये नांदेडसह आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या आणि आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जनआरोग्य योजनेमुळे कर्करोगाचे महागडे उपचार गरिबांच्या आवाक्यात आले. त्यानंतर मापाची बाही, व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट आणि हाताची नियमित मोजणी हे सारे गावाजवळ मिळाले, तरच त्या उपचारांचे चीज होईल.

त्यासाठी सारेच नव्याने उभारावे लागेल असे नाही. लातूर व नांदेड हे हत्तीरोगाचे जिल्हे म्हणून गणले गेले आहेत. सुजलेला पाय रोज धुणे, कोरडा ठेवणे, जखमा जपणे हे हत्तीपायाच्या रुग्णांना शिकवले जाते. सुजलेल्या हातालाही नेमके हेच हवे. काटा रुतला, विळा लागला, तर जखम त्वरित धुवावी. हात लाल होऊन ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सूज नव्याने आली तर आधी तपासणी, मग व्यायाम. ही शिकवण ग्रामीण रुग्णालयात आणि आशा कार्यकर्तीकडे पोहोचली, तर कर्करोगातून वाचलेल्या स्त्रीला स्वतःचा हातही परत मिळेल.