उजेड खरा, नाव उसनं

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत लोकांनी आकाशात जळत जाणारी उजेडाची रांग पाहिली. मोबाइलवर व्हिडिओ फिरले. कुणी उल्का म्हणालं, कुणी उडती तबकडी. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी धातूचं सुमारे तीन मीटर व्यासाचं कडं पडलेलं सापडलं. चीनच्या लाँग मार्च ३-बी रॉकेटचा निकामी भाग वातावरणात शिरून जळाला असावा, असं खगोल अभ्यासकांनी सांगितलं.

म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते. उजेड खरा होता, त्याला दिलेलं नाव उसनं होतं.

हे नाव येतं कुठून? १९४७ साली अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला आकाशात काही वस्तू दिसल्या. पाण्यावर भिरकावलेल्या बशीसारख्या त्या उसळत होत्या, असं त्याचं म्हणणं. वर्तमानपत्रांनी बशीची चाल सोडली, आकार उचलला आणि ‘उडती तबकडी’ जन्मली. मग जगभर तबकड्याच दिसू लागल्या! आपल्याकडे तेच काम सिनेमा आणि वृत्तवाहिन्या करतात.

‘यात बिघडलं काय? गंमतच तर आहे,’ असं काही मित्र म्हणतील. आकाशातल्या वस्तूला चुकीचं नाव दिलं तर कुणी मरत नाही. पण हीच सवय जमिनीवर उतरते तेव्हा? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर आधीच फिरत होती. अनोळखी माणसं दिसली, तयार नाव चिकटवलं. असं नाव नेहमी कुणाच्या कपाळी येतं? गावोगाव पोटासाठी फिरणाऱ्या भटक्या-विमुक्तांच्याच.

म्हणून लाडबोरीच्या लोकांना अडाणी म्हणून हसू नका. त्यांनी दिसलं ते सांगितलं, सापडलेली वस्तू तपासासाठी पुढे आली. पुरावा गावातूनच मिळाला. अडाणीपणा केला तो न तपासता व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्या शिकलेल्यांनी.

ऐकीव आहे, परंपरेने आलंय, म्हणून मानू नका, असं तथागतांनी कालामांना सांगितलं. आज त्यात ‘फॉरवर्ड आलाय म्हणून’ एवढं जोडा. आकाशात काही दिसलं तर वेळ, दिशा, किती वेळ दिसलं ते लिहून ठेवा. नाव शेवटी द्या. वस्तीत अनोळखी माणूस दिसला तरी आधी त्याला विचारा, तो कोण, कुठला. नाव त्यालाच सांगू द्या.

जयभीम!